लाल दोऱ्याचे लाटणे

मित्रांनो, मी एक जुने लाटणे आहे आणि जन्मापासून अस्वस्थ. ओट्यावर ठेवले की निघालेच घरंगळत!

साठ वर्षे मी लंडनच्या ईलिंगमध्ये एस्थरबाईंकडे क्रेप्लाख लाटले. हा त्यांच्या आजीच्या यिडिश भाषेतला शब्द. पारी लाटायची, आत खिमा भरायचा, तिकोनी मिटायची आणि कोंबडीच्या सुपात सोडायची. वर्षाच्या मोठ्या उपवासाआधी क्रेप्लाख हवेतच. एस्थरबाईंसारख्या रीत पाळणाऱ्या ज्यू घरात मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी असतात. मी मांसाचे, म्हणून माझ्या मुठीला लाल दोरा. "याच्यासारखी पातळ पारी कुणी लाटत नाही," असे त्या म्हणत, आणि मी फुगून जाई.

एका गणपतीत शेजारच्या वैभवीचे लाटणे मोडले. तिने मला मागून नेले आणि दुधात भिजवलेल्या, तुपाचे मोहन घातलेल्या पिठाच्या करंज्या लाटल्या. मी मांसाचे, हे तिला ओरडून सांगणार कसे? तिने मला धुऊन परत दिले. एस्थरबाईंनी मला पुन्हा मांसाच्या खणात ठेवले. पुढचे कितीतरी दिवस मी तिथे नुसते तळमळत होते.

उपवास सूर्यास्ताला सुरू होणार होता. दुपारी वैभवी मदतीला आली. एस्थरबाईंनी मला उचलले.

"आंटी, हा लाल दोरा कशाला?" वैभवीने विचारले.

"हे मांसाचं लाटणं. दुधाला कधी लागलेलं नाही."

वैभवीचा चेहरा पडला. ती गप्प राहिली असती, तर कुणालाच कळले नसते.

"आय ॲम सो सॉरी, आंटी. माझ्या करंज्यांच्या पिठात दूध होतं. तूपसुद्धा."

एस्थरबाईंनी मला हळूच खाली ठेवले. बराच वेळ त्यांचा हात माझ्यावरच होता.

"मग आता हे आमच्या घरात चालायचं नाही. हे तुझं," त्या म्हणाल्या. "या उपवासाआधी आम्ही एकमेकांची माफी मागतो. तू मागितलीस. आता मी मागते. आमची रीत मी तुला सांगितलीच नव्हती."

त्या वर्षीचे क्रेप्लाख काचेच्या बाटलीने लाटले. जाड झाले म्हणे.

मित्रांनो, कुणाची वस्तू मागून न्याल, तेव्हा तिच्या घरची रीतही विचारून घ्या. आणि चुकलात, तर वैभवीसारखे सांगून टाका.

तिने माझा लाल दोरा सोडलेला नाही. उपवास जवळ आला की भिंतीपलीकडे बाटलीची खुटखुट सुरू होते आणि मी ओट्यावरून त्या बाजूला घरंगळते. वैभवी मला उचलून परत जागेवर ठेवते.