भरतीची वेळ सांगणारा फळा

मित्रांनो, मी आगरदांड्याच्या शाळेतला एक जुना, कडेला चिरलेला फळा. गावच्या सुताराने मला सागाच्या फळ्या जोडून केले.

१९५४ साली अनंता गुरुजींनी शाळेत गणित मंडळ काढले. पहिल्या शनिवारी वीस मुले आली. गुरुजी माझ्यावर सुंदर उदाहरणे सोडवत, मुले उतरून घेत. दिवाळीपर्यंत तिघेच उरले. त्यांतली ठमी एकदा म्हणाली, "गुरुजी, उत्तर तुमास्नी आधीच ठाव असतंय. मंग आमी कशाला काढायचं?"

गुरुजींनी खडू खाली ठेवला. मग त्यांनीच विचारले, "तुम्हाला कशाचं उत्तर हवंय?"

"दिघीची होडी कवा सुटंल त्याचं. लोक रोज इचारतात."

खाडीपलीकडे दिघीला जाणारी होडी भरतीला सुटे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, ती बारात मिळवायची, की भरतीची वेळ निघे. मुलांनी मला धक्क्यावर टांगले आणि रोज वेळ लिहू लागली. मंडळात पुन्हा गर्दी झाली. उतारू मला वाचत, तेव्हा मला फार अभिमान वाटे.

एके दिवशी माझ्यावर 'पावणेचार' लिहिले होते. गावातल्या वेणूबाई ती वेळ धरून साडेतीनला आल्या. होडी तीनलाच गेली होती. पलीकडे बोर्ली पंचतनला त्यांची आई शेवटच्या घटका मोजत होती. दुसऱ्या दिवशी त्या पोहोचल्या, तेव्हा चिता विझली होती.

पुढच्या शनिवारी मंडळात कोणीच आले नाही. गुरुजी घरोघर गेले, मुलांना गोळा करून वेणूबाईंच्या दारात उभे राहिले. ठमी रडत म्हणाली, "आमी फळा काढून टाकतो."

 वेणूबाई म्हणाल्या, "आयचं तोंड बगायचं ऱ्हायलं, ते ऱ्हायलंच. फळा काढून काय व्हनार? चूक कुटं झाली ती हुडका."

मुले पंचांग घेऊन बसली. त्या पंधरवड्यात चतुर्थी दोन दिवस होती. मुलांनी पंचांग न पाहता बोटांवर दिवस मोजले होते, म्हणून दुसऱ्या चतुर्थीला पंचमी धरली गेली आणि तीनचे पावणेचार झाले. त्यानंतर एकाने पंचांग पाहायचे, दुसऱ्याने हिशेब करायचा, तिसऱ्याने तो तपासायचा, असे ठरले. सात वर्षे एकही शनिवार चुकला नाही.

आता यंत्राची लाँच आली आहे. ती भरतीची वाट पाहत नाही. मी अडगळीत आहे, माझी तक्रार नाही. एवढेच मागतो: मुलांना असे काम द्या, ज्याची कोणीतरी खरोखर वाट पाहत असेल. आणि त्यांच्या हातून चूक झाली, तर खडू काढून घेऊ नका.