केस छान आहे

सलूनमध्ये तिला सगळे ‘कात्री’ म्हणत. हातात कात्री असायची म्हणून नव्हे, जीभ तशी चालायची म्हणून. गिऱ्हाइकाने खुर्चीत बसून सासूचं नाहीतर साहेबाचं गाऱ्हाणं सुरू केलं की कात्री त्या माणसाची अशी काही हजामत करायची की गिऱ्हाईक हसून हसून मान हलवायचं आणि तिला ओरडावं लागायचं, "हलू नका, कान जाईल!" अशा बाईच्या तोंडून विद्यापीठातल्या त्या खोलीत शब्द फुटत नव्हता. तिची तिलाच चीड येत होती.

खोली मानसशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर, संडासाच्या शेजारी होती. दार लावलं तरी फिनेलचा वास आत यायचा आणि फिनेलला न जुमानणारा दुसरा वासही यायचा. सोफ्याचे हात तेलकट झालेले. आधी येऊन गेलेल्या किती दुःखी माणसांनी घामेजल्या तळव्यांनी ते धरले असतील कोण जाणे. कात्री हात मांडीवरच ठेवायची. टिपॉयवर टिश्यूचा डबा, त्यातला वरचा कागद अर्धा ओढून सोडून दिलेला. तो नक्की वापरलेला होता की काय, या विचाराने तिला तिकडे बघवायचं नाही.

समोरच्या भिंतीत मोठा आरसा होता. पलीकडून आरपार दिसणाऱ्या त्या आरशामागे शिकवणारे सर आणि बाकीचे विद्यार्थी बसून ऐकतात, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शिकणाऱ्या मुलांचा हात बसावा म्हणून हे समुपदेशन केंद्र चालवलेलं, म्हणूनच फी नावापुरती. त्यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं. सलूनमध्येही शिकाऊ मुलीकडून केस कापून घेतले तर स्वस्तात काम व्हायचं आणि मागे उभं राहून कुणीतरी लक्ष ठेवायचंच. फक्त तिथे लक्ष ठेवणारा माणूस दिसायचा.

तिचं दुखणं सांगायला अगदी सोपं होतं: तिला जेवण जात नव्हतं. वडिलांना झटका आला, अर्धं अंग गेलं, तेव्हापासून ती त्यांना भरवायची. भरवून झालं की स्वतःचं ताट घ्यायची आणि पहिल्याच घासाला सगळं डोळ्यांपुढे यायचं. वाकडं झालेलं तोंड, कोपऱ्यातून परत येणारा लाळेत भिजलेला घास, हनुवटीवरून गळ्याकडे जाणारी चिकट धार, आणि तो चपचप आवाज. घास तोंडातून तसाच बाहेर यायचा. कपडे अंगावर लोंबायला लागले. एक दिवस हात थरथरला आणि एका बाईच्या कानाला खरोखरच कात्री लागली. मालकीण म्हणाली, "आधी स्वतःकडे बघ. धड खाऊन-पिऊन उभी राहशील तेव्हा ये, नाहीतर येऊ नकोस."

थोरली बहीण दुसऱ्या गावाहून फोन करायची. "नशीबवान आहेस बाई, बाबांची सेवा तुझ्या वाट्याला आली." दुरून डोंगर साजरे, तशी दुरून सेवाही साजरीच.

आणि बाबा तरी कोण? आयुष्यभर टापटीप राहिलेला माणूस. ताटात केस निघाला तर न बोलता उठून जाणारा, मिशीचं एक टोक खालीवर झालं तर पुन्हा आरशासमोर उभा राहणारा. मुलीने केस कापायचं काम शिकायचं म्हटल्यावर सगळ्या नातेवाइकांनी नाकं मुरडली, तेव्हा याच माणसाने तिला सायकलवर मागे बसवून रोज क्लासला नेलं होतं. अशा बापाची आपल्याला किळस येते, हे तिने कुणाला सांगायचं? स्वतःशी म्हणतानाही ती तो शब्द गिळायची. पोटात जायची ती तेवढी एकच गोष्ट.

भरवायचं कामही तिने सलूनच्या शिस्तीने बसवलं होतं. खुर्ची कपाटाच्या आरशासमोर, गळ्याभोवती टॉवेल खोचलेला, आपण बाजूला उभं राहून आरशात बघत चमचा पुढे करायचा. हाताला तीच सवय होती. हल्ली मात्र बाबा ओठ घट्ट मिटून घ्यायचे. हट्टी म्हातारा, असं म्हणून ती चमच्याने ओठ ढकलायची.

त्या दिवशी केंद्रातली शिकाऊ मुलगी समोर बसली होती. पोर चांगली होती, पण शिकवल्याबरहुकूम मान तिरकी करून बसायची आणि ऐकलेलं धुऊन, इस्त्री करून परत द्यायची.

"बाबांचं तोंड पुसताना मला कसंतरीच होतं," कात्री म्हणाली.

"म्हणजे तुम्हाला थकवा येतो."

"थकवा नाही हो. थकायला काय झालंय? नकोसं होतं. त्यांच्याकडे बघवत नाही."

"त्यांचे हाल बघवत नाहीत. तुम्हाला त्यांची काळजी वाटते."

कात्रीने डोळे मिटले. या मुलीला दुखरा दात दाखवावा तर ही गालाला पावडर लावत होती. तिने पुन्हा तोंड उघडलं, शब्द जिभेच्या टोकावर आला, आणि तेवढ्यात भिंतीवरच्या छोट्या स्पीकरमधून खरखर ऐकू आली.

त्या स्पीकरवरून सर वेळ संपल्याचं सांगायचे. आज आधी पिशवी फाटल्याचा आवाज आला. मग कुरुमकुरुम. कुणीतरी वेफर्स खात होतं, तोंड उघडं ठेवून, दातांत अडकलेलं जिभेने काढत, मचमच करत. पलीकडे बटणावर कुणाचा तरी डबा टेकला होता आणि तिकडच्यांना पत्ताच नव्हता.

"केस छान आहे," सरांचा आवाज आला.

कात्रीचा हात आपोआप आपल्या केसांकडे गेला. सवयच ती. मग हात तिथेच थांबला. केस छान *आहेत* म्हणतात. जन्म गेला तिचा ते ऐकण्यात आणि म्हणण्यात. छान *आहे* ती दुसरीच केस.

"परीक्षेपर्यंत सोडायची नाही ही," आवाज पुढे म्हणाला. कुरुमकुरुम. "इतक्यात बरी झाली तर तुम्ही दाखवणार काय? आणि मुळाशी काय आहे, लक्षात येतंय ना? बाप. लहानपणी बापाने हात टाकला असणार हिच्यावर. त्याशिवाय इतकं होत नाही."

"पैज, सर?" कुणीतरी विचारलं.

"लाव. चहाची."

हसण्याची लाट आली. त्यात कुणाला तरी ठसका लागला.

शिकाऊ मुलगी पांढरीफटक पडली. ती उठून स्पीकरकडे धावली, पण त्याला इकडून बटणच नव्हतं. कात्रीही उठली. ती आरशापुढे जाऊन उभी राहिली, इतकी जवळ की तिच्या श्वासाची वाफ काचेवर धरली.

"सर, आधी तोंडातलं गिळा," ती म्हणाली. पलीकडची मचमच बंद झाली. "आता ऐका. मला किळस येते. माझ्या सख्ख्या बापाची किळस येते, कारण त्यांच्या तोंडातून लाळ गळते. एवढंच आहे. मुळाशी काय अन् शेंड्याला काय! त्या माणसाने मला सायकलवरून उतरवतानासुद्धा आधी विचारलंय, पाय नीट टेकला का म्हणून. त्याच्यावर चहाची पैज लावता? त्यांचं निदान अर्धं तोंड लुळं आहे हो. तुमचं तर धडधाकट आहे, आणि त्यातून हे गळतंय!"

स्पीकर खट्‌कन बंद झाला. म्हणजे डबा उचलला गेला. माणूस मात्र कुणी बाहेर आला नाही. माफी मागायला उठून यावं लागतं, हे तिथे बहुतेक शिकवत नसावेत.

कात्रीने पर्स उचलली. मुलगी तिच्या मागे धावत दारापर्यंत आली.

"ताई, मी आजीचं करायचे," ती घाईघाईने म्हणाली. तिची मान आता तिरकी नव्हती. "कपडे बदलताना मला ओकारी यायची. बाथरूममध्ये नळ सोडून ओकायचे मी. तुम्ही काय म्हणताय ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण इथे आपलं सांगायचं नसतं."

"आजीला माहीत होतं?"

"मी कधी बोललेच नाही. मग ती गेली."

"अगं बाई," कात्री म्हणाली, "मग एवढं सांगायचं होतंस ना आधी!" आणि तिने त्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. रस्त्यावर आल्यावर तो हात तिने ओढणीला पुसला, कारण दाराची कडीही चिकट होती.

संध्याकाळी तिने सूप गाळलं, बाबांना खुर्चीत बसवलं, टॉवेल खोचला. पहिल्याच चमच्याला बाबांनी ओठ मिटले. रोजच्यासारखा चमचा ढकलायला तिचा हात पुढे गेला, पण तिने चमचा वाटीत परत ठेवला.

"बाबा, मला किळस येते," ती म्हणाली. "तुम्हाला भरवताना. मला लाज वाटते सांगायला, पण येते. जेवण जात नाही मला."

बाबांचं तोंड वेडंवाकडं हलायला लागलं. शब्द त्यांना आता जड सामानासारखे ओढावे लागत.

"म... मला... पण."

तिला कळलं नाही. त्यांनी धडधाकट हात टॉवेलखालून काढला, बोट समोर केलं. कपाटाच्या आरशात एक म्हातारा बसला होता. त्याच्या अर्ध्या मिशीला कालचं काहीतरी वाळून चिकटलं होतं.

दिवसातून तीनदा, घासाघासाला, तिने त्या टापटीप माणसाला हे दाखवलं होतं.

ती वाकली. खुर्चीचे दोन्ही हात धरून, फरशीवर कर्र आवाज करत, तिने ती खुर्ची भिंतीकडे वळवली. ओलं फडकं आणून मिशी पुसली, कंगव्याने दोन्ही टोकं सारखी केली. बाबांनी आपणहून तोंड उघडलं. सूप गेलं, थोडं कोपऱ्यातून परत आलं, हनुवटीवरून ओघळलं. तिच्या पोटात ढवळलं.

"आली," ती म्हणाली.

"म... ला... पण," बाबा म्हणाले, आणि चांगल्या बाजूचा ओठ किंचित वर गेला.

वाटी संपल्यावर तिने पातेल्यातलं उरलेलं सूप दुसऱ्या वाटीत ओतलं, एक स्टूल ओढलं आणि बाबांच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून, जेवायला बसली.