अकरा दिवसांचं पथ्य

ज्या वर्षी टेलरमामांच्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन बाळांपुढे तिला लॅपटॉपकडे बघायलाही सवड उरली नाही, म्हणून तो तिने बापाला देऊन टाकला. तोच लॅपटॉप छातीशी धरून मामा त्या सोमवारी सकाळी एका दुकानापुढच्या गर्दीत उभे होते. झाकण मिटलं की तो गप्प आणि उघडलं की बोंब. पडदा लालभडक, त्यावर पांढरी मोठी अक्षरं, आणि आतून एक बाई ‘धोका! धोका!’ म्हणून सारखी ओरडत होती.

“सरका, सरका! याला जबर धरलंय,” कोणीतरी म्हणालं, आणि लोकांनी मामांना वाट करून दिली.

दुकान लॅपटॉप-दुरुस्तीचं होतं, पण मालकाने पेचकस कधीच खाली ठेवला होता. आता लोक त्याला व्हायरसमहाराज म्हणत. अंगात पांढराशुभ्र झब्बा, उजवा हात बहुतेक वेळ खिशात.

“यंत्राला जीव नसतो म्हणतात,” महाराज गर्दीकडे बघून म्हणाले. “अहो, जीव नाही तर तापतं कसं? झोपतं कसं? आपलं नाव कसं ओळखतं?”

“खरंय, खरंय,” गर्दीने माना डोलावल्या. कारकून, मास्तर, औषधवाला, सगळे शिकलेले लोक.

महाराजांनी लॅपटॉपच्या कडेवर डावा अंगठा दाबला. नाडी बघितली म्हणे. मग चार पावलं मागे सरून गाल फुगवले आणि फुंकर मारली. लाल पडदा विझला! आतल्या बाईची वाचा बसली!

“बोटसुद्धा लावलं नाही हो!” औषधवाला ओरडला.

“माझी आईची फाइल?” मामांनी घाबरत विचारलं.

महाराजांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला, गर्दीकडे पाठ केली आणि काही मंत्र टाइप केले. पुन्हा वळवला तेव्हा फाइल होती ती जागा रिकामी होती.

त्या फाइलमध्ये मामांची आई होती. ती गेली तेव्हा मामा दोन वर्षांचे होते, त्यांना तिचा चेहराही आठवत नव्हता. आठवत होता तो थोरल्या ताईला. ताईने तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुतल्या, अक्षर एक शिकली नाही. आता छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली होती. मामाही अंगठाबहाद्दरच, पण सत्तावन्नाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात जाऊन वाचायला शिकले. ताई सांगायची, मामा दोन बोटांनी टाइप करायचे. बेचाळीस पानं झाली होती. आई कशी हसायची, कुणाशी भांडायची, धाकट्याला झोपवताना काय पुटपुटायची. उरला होता फक्त शेवटचा दिवस. “तो सांगायला बळ लागतं रे. सवडीने सांगते,” असं म्हणून ताई तो पुढे ढकलत आली होती.

“फाइल गेली नाही, आत गाडली गेलीय,” महाराज म्हणाले. “अकरा दिवस पथ्य.” त्यांनी लॅपटॉप काळ्या फडक्यात बांधून वर गाठ मारली. “गाठ सोडायची नाही. आणि अकरा दिवस कुठेही नवं अक्षर लिहायचं नाही. कागदावरसुद्धा! नव्या अक्षराच्या ओढीने जुनी सगळी वाहून जातील.”

मामांनी हात जोडले. इतकंच नाही, रस्त्यात भेटेल त्याला फुंकरीची कथा सांगितली आणि दोन शेजाऱ्यांना महाराजांकडे धाडलं.

पाचव्या दिवशी ताईला धाप जास्त लागली. ती म्हणाली, “बस इथे. आज शेवटचं सांगते.”

“सहा दिवस थांब, ताई. पथ्य आहे.”

“अरे, वहीत लिही ना. पेन्सिल आहे, हात आहेत.”

“वहीतही चालत नाही.”

“मग नुसतं ऐक तरी.”

“ऐकून माझ्या लक्षात राहत नाही. लिहिल्याशिवाय पुढचं जाईल आणि लिहिलं तर मागचंही. ऐक माझं.”

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. “आमचा बाबू शिकला,” ती त्यांच्या लहानपणच्या नावाने म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

सातव्या दिवशी सकाळी ताईचं तोंड वाकडं झालं आणि वाचा गेली. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ झालीय, बोलणं परत येईल असं वाटत नाही.

नवव्या दिवशी प्रौढवर्गाच्या बाई ताईला बघायला आल्या. मामांना अक्षरं शिकवणाऱ्या त्याच. खुर्चीवरचं काळं गाठोडं पाहून त्यांनी विचारलं, “हे काय बांधून ठेवलंय?”

मामांनी सगळं सांगितलं. बाईंनी ऐकलं, आणि मामा “नको, नको” म्हणेपर्यंत गाठ सोडलीसुद्धा.

“हे कुणाचं?” लॅपटॉपच्या कडेला नखाएवढं काळं बोंडूक, छोट्या पेनड्राइव्हसारखं, खोचलेलं होतं.

“माहीत नाही.”

“बिनतारी रिमोटचं आहे. नाडी बघताना खोचलं आणि घाईत काढायचं राहिलं. त्याच्याकडे असली आणखी असतील. रिमोट त्याच्या खिशात. तो तिकडे बटण दाबणार, इकडे पडदा बदलणार. आता फाइल बघू.” बाईंनी एका ठिकाणी टिचकी मारली. रिकाम्या जागेत फाइल फिकट रंगात उमटली. “ही कुठे गेलीच नव्हती. याने लपवली. लपवलेलं दाखव म्हटलं की दिसतं.” त्यांनी आधी तिची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली.

“पण तो लाल पडदा? ती आतून ओरडणारी बाई?”

“तुम्ही काय करत होता तेव्हा?”

“शब्दाचा अर्थ शोधत होतो. काहीतरी आलं, मी हो म्हटलं.”

बाईंनी ते पान पुन्हा उघडलं. किंकाळी फुटली. मामा दचकून मागे सरले.

“पळू नका. वर बारीक अक्षरात काय आलंय? वाचा.”

मामांनी बोट ठेवलं. “पूर्ण... पडद्यातून... बाहेर पडण्यासाठी... एस्केप दाबा.”

“दाबा मग.”

मामांनी दाबलं. लाल रंग आकसून एका साध्या चौकटीत गेला. बाईंनी ती बंद केली. सगळं शांत झालं.

“हा व्हायरस नव्हताच. घाबरवणारी जाहिरात होती. मामा, तुम्हाला वाचता येतं. तुम्ही वाचलं का नाही?”

मामा खाली बघत म्हणाले, “मी बोट ठेवून वाचतो, बाई. चारचौघांत लाज वाटते.”

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात गेली. महाराज एका कारकुनाच्या लॅपटॉपची नाडी बघून मागे सरत होते. बाईंनी पुढे होऊन कडेचं बोंडूक उपटलं. महाराजांनी फुंकर मारली. काही नाही. पुन्हा मारली. झब्ब्याचा खिसा आतून टकटक वाजत होता, लॅपटॉप ढिम्म.

“आता खिशातला हात बाहेर काढून फुंका,” बाई म्हणाल्या.

“बाई, तुमच्या पोटात का दुखतंय?” औषधवाला चिडला. “माझा तर बरा झाला होता!”

तेव्हा मामा दुकानाच्या पायरीवर चढले.

“त्याने मला फसवलं हे खरं. पण उपाय पडद्यावरच लिहिलेला होता आणि मी तो वाचला नाही. मग पेन्सिल हाताशी असताना बहिणीला गप्प बसवलं. ते पाप त्याचं नाही, माझं आहे. तुम्ही तर माझ्याहून जास्त शिकलेले. पाया पडतो, कुणी फुंकर मारली तर त्याचा दुसरा हात कुठे आहे ते बघा. कुणी वाचू नका, लिहू नका, विचारू नका म्हटलं, की तिथून उठा. सावकाश वाचा, बोट ठेवून वाचा, पण स्वतः वाचा.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कारकुनाने आपला लॅपटॉप उचलला. आणखी तिघे रांगेतून निघाले. बाकीचे उभेच राहिले.

मामा घरी आले, ताईजवळ बसले आणि बेचाळीसच्या बेचाळीस पानं तिला मोठ्याने वाचून दाखवली. शेवटच्या ओळीपाशी ते थांबले. ताईचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. मामांनी वही पुढे केली, पण तिला अक्षर येत नव्हतं.

ताई पुढच्या शुक्रवारी सकाळी सव्वासात वाजता वारली. तिचं वय सत्त्याहत्तर होतं.