वुक्सान चालेल ती सीमा

अल्बानियाच्या उत्तरेकडल्या डोंगरात दोन देशांची सीमा आखायला आलेल्या परदेशी कॅप्टनकडे झकास नकाशा होता. फक्त त्यात झरा एकच होता आणि डोंगरात दोन. जुनी हद्द कुठल्या झऱ्यावरून, यावर दोन्हीकडच्या गावकऱ्यांनी सकाळभर घसे कोरडे केले. शेवटी म्हाताऱ्या वुक्सानचं नाव निघालं आणि दोन्हीकडचे कबूल झाले.

रिवाजच तसा. वुक्सानने खांद्यावर मोठा दगड घेतला, "खोटं चाललो तर मेल्यावरही हा उतरू नये," म्हणाला आणि निघाला. तो चालेल ती सीमा. कॅप्टनला वाटलं, म्हातारा हद्दीवर रोवायला दगड नेतोय. त्याने मदतीला शिपाई धाडला. दुभाष्याने शिपायाला बखोट धरून मागे ओढलं. नकाशेवाल्यांना एवढंही कळू नये!

खरी हद्द वरच्या झऱ्यावरून होती, वुक्सानचं गाव तिच्याही वर. पण दोन झऱ्यांच्या मधे वुक्सानच्या एकुलत्या एका लेकीचं, द्रांदेचं सासर होतं. वरून गेलं तर लेक परक्या देशात, आणि मधे बंदूकवाले. वाट फुटली तिथे वुक्सान जरा थांबला आणि खालच्या झऱ्याकडे वळला. जमीन गेली म्हणून पलीकडच्यांनी माना खाली घातल्या. खांद्यावर दगड असताना वुक्सान खोटं चालेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

अंगणातून द्रांदे धावत आली आणि वाटेत उभी राहिली.

"आबा, इकडे कुठे?"

"बाजूला हो."

"शेळ्या चारताना तुम्हीच दाखवलीत ना, हद्द वरच्या झऱ्यावर?"

"गप्प बस, पोरी. तुला परक्या देशात टाकून घरी जाऊ?"

"आणि मेल्यावर तुम्ही हे ओझं वाहत फिरणार, ते मला बरं वाटेल?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. द्रांदेने त्याचा दंड धरला, त्याला वळवलं आणि वरच्या झऱ्यापर्यंत सोबत चालत नेलं.

"म्हातारा वाट चुकला होता," दुभाष्याने कॅप्टनला सांगितलं. देव दुभाष्याचं भलं करो.

वुक्सानने दगड उतरवला. शिपायांनी खांब ठोकला. द्रांदे अजून बापाच्याच बाजूला उभी होती.

"येते आबा, पोरं वाट बघत असतील," ती म्हणाली आणि परदेशात निघून गेली.