टर्बटचं जेवण मुरवू नये

मी एक जुना खिम्याचा ग्राइंडर आहे. भंगार म्हणायचं असेल तर जवळ येऊन म्हणा. फक्त तोंडात बोट घालू नका.

मित्रांनो, माझं अंग बिडाचं, पातं पोलादी. अमेरिकेतल्या वूस्टर गावच्या एका खाटकाने मला उमेदीची सगळी वर्षं राबवलं. माझ्यातून निघालेल्या खिम्यावर अर्धं गाव पोसलं, पण "ग्राइंडर, बरा आहेस ना?" असं एकाही माणसाने कधी विचारलं नाही. दुकान बुडाल्यावर मला विकायला अंगणात मांडलं, फुटक्या दिव्यांच्या आणि जुन्या स्वेटरांच्या शेजारी.

तिथून मला उचललं वसुधाने. माशांनी काय खावं हा तिच्या अभ्यासाचा विषय. घर शेजारच्या श्रूजबरीला आणि काम समुद्रकाठच्या, मासे वाढवायच्या एका शेडमध्ये. साल पंच्याऐंशीच्या आसपासचं असेल. शेडमध्ये मोठ्या गोल टाक्या होत्या आणि टाक्यांच्या तळाशी टर्बट नावाचे चपटे मासे. पापलेट चपटा असला तरी सरळ पोहतो. हे महाशय ताटासारखे आडवे पडून राहतात, दोन्ही डोळे एकाच बाजूला, वर लावलेले. पिल्लं असताना विमानाने युरोपातून आलेली ही मंडळी. त्यांच्यासाठी मी ताज्या हेरिंग माशांचा खिमा काढायचा, वसुधाने त्यात जीवनसत्त्वांची पूड घालायची आणि ते गोळे टाकीत टाकायचे. गोळा पडला की तळाची ताटं एकदम उठायची, पाणी उसळायचं, वसुधा ओली व्हायची आणि हसायची. माझ्या आयुष्यातला पहिला आनंद तो. खाटकाच्या दुकानात जेवणारा कधी दिसलाच नव्हता!

मग वसुधाचा नवरा उल्हास याला त्याच्या कंपनीने घरी बसवलं. चांगला इंजिनिअर, पण रिकामा. वसुधा म्हणाली, "माशांचं जेवण तू बघ, मी रक्ताच्या तपासण्या करते." उल्हास खूश झाला. त्याने माझं पातं धार लावून आणलं, सांध्यांत तेल घातलं, मोटर उघडून साफ केली. खरं सांगतो, असा मान मला जन्मात मिळाला नव्हता.

आणि महिन्याभरात मासे जेवेनासे झाले. अंग काळवंडलं. काही जण पाण्यात झटके देत गोल फिरायचे आणि पाठीवर उलटायचे. शेडचा मालक आला, टाकीत न वाकता म्हणाला, "इन्फेक्शन. अँटिबायोटिक टाका." टाकलं. जो जेवतच नाही त्याच्या जेवणात औषध! एवढी अक्कल असलेल्या माणसाला मालक म्हणायचं? जाताना बजावून गेला, "थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत खाल्लं नाही, तर सगळे मारून टाक्या रिकाम्या करा."

वसुधा रोज टाकीवर ओणवी होऊन एकेका माशाशी मराठीत बोलायची. "खा रे राजा. एक घास." मला रडू येत नाही, पण मोटर घरघरते.

एका रविवारी दुपारी उल्हासचा मित्र नरेंद्र आला. वूस्टरच्या हॉस्पिटलमधला हृदयाचा डॉक्टर.

"वहिनी, मी माणसांची हार्ट बघतो. ह्यांचं हार्ट कुठल्या बाजूला तेसुद्धा मला माहीत नाही!"

"बघा तरी, डॉक्टर. मला आता काही सुचत नाही."

बघून काही कळलं नाही, तेव्हा तिघं माझ्या टेबलावरच मटणाचा डबा उघडून बसले. नरेंद्रने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"उल्ह्या, काय मुरलंय यार!"

"मग! काल दुपारीच मसाला लावून ठेवला. मुरल्याशिवाय आत काही जातच नाही. माशांचंसुद्धा मी तसंच करतो."

वसुधाचा हात डब्यातच थांबला. "तसंच म्हणजे कसं?"

"खिमा काढला की तुझी पूड लगेच कालवतो आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवतो. सकाळी मस्त मुरलेलं असतं. तू तर आयत्या वेळी भुरभुरवायचीस."

"उल्हास!" ती अशी ओरडली की माझा स्क्रू ढिला झाला. "अरे, कच्च्या हेरिंगमध्ये असं द्रव्य असतं की ते बी-वन खाऊन टाकतं! मी आयत्या वेळी घालायची ते काय आळसाने? तू रात्रभर मुरवतोस, सकाळपर्यंत त्यात व्हिटॅमिन उरतच नाही!"

उल्हासचा चेहरा पडला. "मला वाटलं, प्रेमाने करतोय."

"प्रेमानेच केलंस रे," ती म्हणाली, आणि चक्क हसायला लागली. "म्हणजे इन्फेक्शन नाहीच! डॉक्टर, बी-वनचं इंजेक्शन देता येतं ना?"

"वहिनी, वीस वर्षांत मी सुई हातात धरलेली नाही. नर्स देतात."

"आज तुम्हीच नर्स."

मग काय धमाल झाली म्हणता! उल्हासने ओल्या टॉवेलात मासा धरायचा, वसुधाने सिरिंज भरायची आणि नरेंद्रने टोचायचं. मासे शेपटीने थपडा मारत होते, नरेंद्रचा रेशमी टाय खाऱ्या पाण्यात बुडाला. "हलू नका हो, मिस्टर टर्बट!" तो विनवत होता. काही मासे वाचले नाहीत. बाकीच्यांनी झटके देणं थांबवलं.

पुढे वसुधाने नियम केला. हेरिंग आधी उकळत्या पाण्यात शिजवायचा, म्हणजे ते खादाड द्रव्य मरतं. मग मी खिमा काढायचा, गार झाल्यावर पूड घालायची आणि लगेच वाढायचं. उल्हास घड्याळाकडे बघत कालवायचा, एक मिनिट मुरू द्यायचा नाही.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी मालक आला. उल्हासने गोळा टाकला. तळाचं एक ताट हललं, उठलं आणि गट्ट! मग दुसरं, मग सगळी टाकीच उसळली. मालकाचा महागडा कोट चिंब झाला. वसुधाने उल्हासला मिठी मारली. मालक कोट झटकत निघून गेला. टाक्या रिकाम्या करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता मी त्यांच्या गराजमध्ये आहे. मित्रांनो, मला तेल घाला, पुसा, हा माझा हक्क आहे आणि तो मी मागणार. पण त्याहून मोठं मागणं हे: ज्याला जेवू घालता, मग तो मासा असो, मूल असो की म्हातारा, त्याच्या तोंडाकडे बघा. तो जेवत नसेल तर आधी स्वतःचं वाढणं तपासा. मालकासारखे उभ्या उभ्या निदान करू नका. खाली वाका.