मीठपाण्याचा डबा

मित्रांनो, वडवणीच्या बाजारात, मल्लिनाथच्या दुकानात मी गोड्या तेलाचा डबा म्हणून बसलो होतो. तेल संपलं आणि माझी किंमतही संपली. मग उत्तरेश्वरनं मला घरी नेलं, आडवं कापलं आणि कडा ठोकून बोथट केल्या. वाईट वाटलं खरं. पण दोन पावलं शेजारी शेजारी मावतील एवढा मी ऐसपैस झालो, आणि तेच माझं काम ठरलं.

उत्तरेश्वर आणि त्याची बायको मंजुळाबाई दर साली सहकारी कारखान्याच्या ऊसतोडीला जायची. तो तोडायचा, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायची. नवराबायकोची जोडी मिळून हिशेबात एक कोयता धरतात. एक खाली बसलं की दुसऱ्यालाही मुकादम नेत नाही. म्हणून पाय जपायचे. रोज संध्याकाळी कोपीपुढं, म्हणजे पाचटाच्या खोपटापुढं, माझ्यात कढत पाणी आणि मूठभर खडेमीठ पडायचं. त्यानं भेगा मऊ पडतात, अंग सैल होतं. आधी उत्तरेश्वर बसायचा. "लई झोंबतंय," म्हणत डोळे मिटायचा. भाकरी-भांडी उरकून मग मंजुळाबाई त्याच पाण्यात पाय सोडायची. तोवर ते गार झालेलं असायचं. ती कधी काही बोलली नाही, आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

पुढं दुष्काळ पडला. ऊस नाही, तर कारखानाही बंद. गावात टँकरच्या पाण्यात पाय धुतले की तेच पाणी दारच्या शेवग्याला घालायचं. खारं पाणी झाडाला चालत नाही, म्हणून मीठ बंद झालं. मी भिंतीशी पालथा पडून गंजत राहिलो. पुढं पुढं त्याचंही काही वाटेना.

दुष्काळ सरला, कारखाना सुरू होणार असं कळलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी उत्तरेश्वरनं स्वतः पाणी तापवलं, मीठ टाकलं.

"आज आधी तू बस."

"कावून? तुमी बसा की."

"तुला कदी ऊन पाणी मिळालंच न्हाई. बस."

ती लाजत बसली. माझा तळ पोळत होता. ती मात्र उद्या काय काय न्यायचं ते निवांत सांगत होती.

"झोंबत न्हाई व्हय?" त्यानं विचारलं.

"न्हाई. गारच हाय की."

त्यानं पाण्यात हात घातला आणि तसाच मागं घेतला. तिचे पाय बाहेर काढले, तर तळव्यांची कातडी सुटली होती.

बीडच्या दवाखान्यात कळलं, तिच्या रक्तात साखर वाढलेली, पायांची जाणीव गेलेली. कधीपासून, ते दोघांनाही सांगता आलं नाही. रोज गार पाण्यात बसणाऱ्या बाईला ते कळावं तरी कसं? मुकादमाची गाडी त्यांना सोडून गेली.

मित्रांनो, मीठपाण्यानं पायांना आराम पडतो, जरूर घ्या. पण आधी हातानं पाणी बघा. आणि तुमच्या घरात जे माणूस सगळ्यांच्या शेवटी पाय बुडवतं, त्याला वेळेवर विचारा, तुला झोंबतंय का. मी नुसता पत्रा. त्या संध्याकाळी मला चटका बसत होता, तिला बसत नव्हता.