गर्दी झालीया

“गर्दी झालीया,” बसाप्पा म्हणाले. “कमी कर.”

“काय कमी करू, अप्पा?” शांभवीनं विचारलं.

“ते तू ठरीव. माणूस वाचाय आलंय, जत्रा बघाय न्हाय.”

गोष्ट दोन हजार नऊची. त्यांची लेक शांभवी एका कॉम्प्युटर कंपनीत होती. कोडोलीच्या एका दूध संस्थेतल्या लोकांना आपल्या दुधाचं माप आणि फॅट मोबाईलवर दिसावं, असा प्रोग्राम तिनं केला होता. उद्या तो गावात दाखवायचा होता आणि म्हाताऱ्यांना वाचता आलं नाही, तर सगळं मुसळ केरात.

बसाप्पांनी चाळीस वर्षं कोल्हापुरातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पाटी झाली की रस्त्यापलीकडं जायचं आणि डोळे किलकिले करून बघायचं, ही त्यांची रीत. फ्लेक्स आले, कामं आटली, तरी ऐट तीच. आताही त्यांनी शांभवीचा मोबाईल कोनाड्यात उभा करायला लावला आणि दारापर्यंत मागं सरकून डोळे बारीक केले.

खरं तर त्यांना रंगांच्या गिचमिडीपलीकडं काहीच दिसत नव्हतं. वर्षभर डोळ्यांपुढं धुकं होतं. लेकीला कळलं तर ती दवाखान्यात नेईल आणि हातातला ब्रश कायमचा सुटेल, या धास्तीनं स्वारी उस्तादीचा आव आणून बसली होती. पोटच्या पोरीला फसवतोय, याची लाजही वाटत होती.

शांभवीनं म्हशीचं चित्र उडवलं.

“अजून.”

चौकट गेली, रंगीत पट्टे गेले.

“अक्षराला वाईच श्वास घिऊ दे की!”

शेवटी पांढऱ्यावर लिटर आणि फॅटचे दोन ठळक काळे आकडे उरले.

“सहा लिटर. फॅट सात,” बसाप्पांनी वाचलं, तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शांभवी धावतच घरी आली. “अप्पा, सत्तरीच्या चिमणाबाईनं चष्म्याबिगर वाचलं! सायबांनी विचारलं, हे कुणाकडनं शिकलीस? तुमचं नाव सांगितलं.”

ते कौतुक बसाप्पांना सोसेना. “माझं नाव नगं घिऊ, बाळ. मला दिसतच न्हवतं. दिसंपतोर ‘अजून’ म्हणत ऱ्हायलो.”

शांभवीनं त्यांना हाताला धरून दाराच्या उजेडात नेलं. उजव्या बाहुलीवर सायीसारखा पांढरा थर होता, डावीवर त्याहून पातळ.

“किती दिस लपिवलासा, अप्पा?”

लेकीला नीट बघता यावं म्हणून बसाप्पांनी आपल्याच बोटांनी पापणी वर उचलली आणि तिचं बघून होईपर्यंत तशीच धरून ठेवली.